थीम पार्कची नवी रिसॉर्ट हॉटेलं: कोणतं कशासाठी घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थीम पार्कच्या सहलीचा हिशेब मांडताना आधी तिकिटांचा आकडा डोळ्यांत भरतो, पण बऱ्याच कुटुंबांचा मोठा खर्च होतो तो हॉटेलवर. गेल्या काही वर्षांत मोठ्या पार्कांनी एकामागून एक हॉटेलं उघडली. फोटोत सगळीच देखणी दिसतात. दिवसभर चालून पाय दुखायला लागले आणि मूल खांद्यावर झोपलं, की त्यांच्यातला फरक कळतो.

"नवी" म्हणजे नेमकी कोणती हॉटेलं?

साधारण २०१९पासून उघडलेली, किंवा जुनी इमारत ठेवून आतून पूर्ण नवी केलेली हॉटेलं इथे धरली आहेत. अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोत युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स पार्क २२ मे २०२५ रोजी सुरू झालं. त्याच्यासोबत हेलिओस ग्रँड (५०० खोल्या) उघडलं, तर स्टेला नोव्हा आणि टेरा लूना (प्रत्येकी ७५० खोल्या) ही दोन्ही त्याआधी काही महिने सुरू झाली होती. डिस्नेचं ऑरलँडोतलं रिव्हिएरा २०१९चं, पॉलिनेशियन हॉटेलचा आयलंड टॉवर डिसेंबर २०२४चा. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड हॉटेलचा व्हिला टॉवर (२०२३) आणि पिक्सार प्लेस (जानेवारी २०२४) आहेत. टोकियोत टॉय स्टोरी हॉटेल (एप्रिल २०२२) आणि फँटसी स्प्रिंग्ज (जून २०२४). पॅरिसजवळ हॉटेल न्यूयॉर्क मार्व्हलच्या रूपात जून २०२१मध्ये परत आलं आणि डिस्नेलँड हॉटेल जानेवारी २०२४मध्ये. जर्मनीत युरोपा-पार्कचं क्रोनासार (२०१९) आणि फँटाझियालँडचं चार्ल्स लिंडबर्ग (२०२०), नेदरलँड्समध्ये एफ्टेलिंगचं ग्रँड हॉटेल (ऑगस्ट २०२५).

रचना, जागा आणि भाडं यांत आधी काय बघायचं?

जागा. याबाबत माझं मत ठाम आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

सकाळी सगळे ताजेतवाने असतात, तेव्हा पंधरा मिनिटं चालणं कुणाला जड जात नाही. हॉटेलच्या जागेची खरी परीक्षा दुपारी दोनला होते आणि दुसऱ्यांदा रात्री दहाला. दुपारी ऊन तापलेलं, रांगा सगळ्यात लांब, मुलं चिडचिडी झालेली. हॉटेल दहा मिनिटांच्या चालण्यावर असेल तर तुम्ही परत जाता, मुलं झोपतात किंवा पाण्यात डुंबतात, आणि पाचला सगळे पुन्हा गेटवर हजर. तेच जाण्यायेण्यात दीड तास जाणार असेल तर परत जाणं जिवावर येतं. मग साडेसहाला एक मूल रडायला लागतं, दुसरं खायला मागतं, आणि रात्रीची आतषबाजी न बघताच तुम्ही बाहेर पडता. तिकिटाचे पैसे पूर्ण दिवसाचे दिलेले, वापरला दोन तृतीयांश दिवस. जवळच्या हॉटेलचं जास्तीचं भाडं मी याच तराजूत तोलते.

सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं नसतील आणि तुम्ही सकाळी निघून रात्रीच परतणारे असाल, तर हा हिशेब बदलतो. तेव्हा फक्त झोपण्यापुरत्या खोलीसाठी कमी पैसे मोजणं शहाणपणाचं.

जाहिरातीत "पार्कला लागूनच" असं लिहिलेलं असतं. ते कसं तपासायचं?

तीन प्रश्न विचारा. कोणत्या पार्कला लागून? कोणत्या गेटला लागून? आणि अंतर लॉबीपासून मोजलंय की खोलीपासून?

हेलिओस ग्रँड एपिक युनिव्हर्सच्या अगदी आतल्या टोकाला उभं आहे आणि पाहुण्यांना पार्कमध्ये जायला स्वतंत्र दार आहे. मुख्य गेटच्या गर्दीशी त्यांचा संबंधच येत नाही. पण युनिव्हर्सलची आधीची दोन पार्कं तिथून काही मैलांवर आहेत आणि तिथे बसने जावं लागतं. चार दिवसांच्या सहलीत एक दिवस एपिक आणि तीन दिवस जुनी पार्कं असा बेत असेल, तर सगळ्यात महागड्या नव्या हॉटेलात राहून रोज बस पकडायची वेळ येईल. पुष्कळ जण नेमके इथेच फसतात.

टोकियोत फँटसी स्प्रिंग्ज हॉटेलातून थेट डिस्नेसीमध्ये पाऊल टाकता येतं, त्याच नावाच्या नव्या भागात. डिस्नेलँड हे शेजारचं पार्क मात्र मोनोरेलच्या पलीकडे. तिथली मोनोरेल फुकट नाही, तिचं तिकीट काढावं लागतं. टॉय स्टोरी हॉटेल याच मोनोरेलच्या बेसाइड स्टेशनासमोर आहे, म्हणजे दोन्ही पार्कांना सारखंच सोयीचं, पण दारात कुठलंच नाही.

पॅरिसच्या डिस्नेलँड हॉटेलला या बाबतीत तोड नाही. पार्कचं प्रवेशद्वार हॉटेलच्या इमारतीखालीच आहे. १९९२पासून ती जागा तशीच आहे, नूतनीकरणात बदललं ते आतलं रूप. पिक्सार प्लेसच्या पाहुण्यांना कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कसाठी वेगळं दार आहे, डिस्नेलँडच्या गेटपर्यंत मात्र आणखी चालायचं. ऑरलँडोतल्या आयलंड टॉवरच्या नावापुढे "मोनोरेल हॉटेल" असं लावलं जातं ते खरं आहे, पण स्टेशन जुन्या मुख्य इमारतीत आहे. टॉवरमधल्या खोलीतून निघून तिथवर आधी पायी जावं लागतं.

रोपवे, मोनोरेल आणि बस यांत खरंच इतका फरक पडतो?

बाबागाडी सोबत असेल तर फार. ऑरलँडोतल्या डिस्नेच्या बसमध्ये चढताना बाबागाडी घडी करावी लागते. रात्रीचं चित्र डोळ्यांसमोर आणा: एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्या हाताने बाबागाडी मिटायची, खांद्यावर पिशव्या, मागे रांग. रोपवेत एका मुलाची बाबागाडी तशीच आत ढकलता येते, मुलाची झोप मोडत नाही.

हा रोपवे, म्हणजे स्कायलायनर, २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही दोन पार्कं त्याने रिव्हिएरा, कॅरिबियन बीच, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलांशी जोडली. सकाळी पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनची माणसं तळ्यावरच्या एकाच स्टेशनात रांग लावतात. रांग लांबलचक दिसली तरी घाबरू नका, पाळणे एकामागून एक येत राहतात आणि रांग सरकत राहते. पाळण्यात एसी नाही, झडपांमधून वारा खेळतो. विजा चमकायला लागल्या की सेवा बंद होते, आणि फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारची वादळं नेहमीचीच. तेवढ्या वेळेपुरती बस धरायची.

या रोपवेमुळे एक गोष्ट मोठी झाली: पॉप सेंच्युरीसारख्या स्वस्त गटातल्या हॉटेलला महागड्या हॉटेलाची सोय मिळाली. पैशाच्या मोबदल्याचं बोलायचं तर ऑरलँडोत डिस्नेच्या हॉटेलांपैकी माझी पहिली शिफारस पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या दोघांची असते, दोन्ही नवी नसली तरी. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम या डिस्नेच्या उरलेल्या दोन पार्कांना मात्र तिथूनही बसनेच जायचं.

सजावटीत सगळ्यात सरस कोणतं?

चार्ल्स लिंडबर्ग, आणि त्यात मला जराही शंका नाही. फँटाझियालँडने रूकबर्ग नावाचा पार्कचा एक भाग रचला: हवाई जहाजांचं काल्पनिक बंदर, विटांच्या भिंती, रिव्हेट ठोकलेलं लोखंड. त्याच रचनेच्या पोटात हॉटेल आहे आणि हॉटेलभोवती एफ.एल.वाय. ही रोलर कोस्टर गुंडाळलेली आहे. तिच्यात माणसं पोटावर आडवी होऊन उडत जातात. खोल्यांना खोल्या म्हणणंही कठीण, त्या जहाजातल्या असाव्यात तशा अरुंद केबिन आहेत. मोठी सूटकेस पसरायला जागा शोधावी लागते. पण बाहेर पडलात की दुसऱ्याच जगात उभे असता, आणि तो परिणाम नुसत्या भित्तिचित्रांनी साधत नाही. हॉटेल आणि पार्क एकाच हाताने, एकाच वेळी आखलं तरच हे जमतं.

क्रोनासारची कल्पना वेगळी. हे हॉटेल म्हणजे उत्तरेकडच्या समुद्राचं एक वस्तुसंग्रहालय, आणि आत गेल्या गेल्या डोक्यावर महाकाय सागरी सर्पाचा सांगाडा लटकतो. मुलं त्याच्याखाली मान वर करून उभी राहतात. पॅरिसचं हॉटेल न्यूयॉर्क मोठ्यांना अधिक भावेल. मायकेल ग्रेव्ह्ज यांनी आखलेल्या जुन्या इमारतीत आता मार्व्हलच्या कॉमिक्सची साडेतीनशेहून जास्त चित्रं आहेत, आणि ती कलादालनात असतात तशी नीट मांडलेली आहेत.

टोकियोचं टॉय स्टोरी हॉटेल मुलांच्या बाजूने झुकतं. खोली म्हणजे ॲंडीची खोली, बाहेरच्या अंगणात माणसाहून मोठी खेळणी, आणि आपण खेळण्याएवढे. पिक्सार प्लेस मुद्दाम शांत ठेवलं आहे. फिकट भिंती, चेंडू आणि दिव्याची खूण, इतकंच. काही मुलं तिथे हिरमुसतात, कारण नावावरून त्यांची अपेक्षा टॉय स्टोरी हॉटेलची असते. ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आयलंड टॉवर बाहेरून मला आवडलेला नाही. १९७१पासून उभ्या असलेल्या उतरत्या छपरांच्या बैठ्या इमारतींशेजारी दहा मजली ठोकळा उपरा वाटतो. आतून तळ्यापलीकडचा किल्ला आणि आतषबाजी सुरेख दिसते, हेही तितकंच खरं.

हॉटेलच एक खेळ झालं तर?

तो प्रयोग होऊन गेला. डिस्नेने ऑरलँडोत १ मार्च २०२२ रोजी स्टार वॉर्सचं गॅलेक्टिक स्टारक्रूझर उघडलं. १०० केबिन, दोन रात्रींची "सफर", खिडक्यांऐवजी अंतराळ दाखवणारे पडदे, आणि जेवणापासून रात्रीपर्यंत कथेत सामील असलेले कलाकार. दोन जणांसाठी दर साधारण ४,८०० डॉलरपासून सुरू व्हायचा, चार जणांसाठी सहा हजारांच्या घरात जायचा. जे गेले त्यांतले अनेक जण आजही भारावून बोलतात. तरीही सप्टेंबर २०२३च्या अखेरीस ते बंद झालं.

मला वाटतं, कलाकारांचं काम उत्तम होतं, घोळ झाला तो नावाचा. लोकांनी त्याला हॉटेल समजून भाडं ताडून बघितलं, आणि स्विमिंग पूल नसलेली, खिडकी नसलेली खोली त्या भावाला कुणाला पटेना. ते दोन दिवसांचं नाटक होतं.

खोलीच्या आत काय बघावं?

बाथरूम. चार जणांच्या कुटुंबात सकाळी सातला भांडण होतं ते बाथरूमवरून. बेसिन बाहेर आणि शॉवर-टॉयलेट दाराआड अशी मांडणी असेल तर निम्मा त्रास वाचतो. आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या फॅमिली स्वीटमध्ये दोन बाथरूम आहेत, सहा जणांना तो स्वीट म्हणूनच परवडतो.

मग पलंग. सोफा उघडून होणारा पलंग आणि भिंतीतून खाली येणारा पलंग यांत दुसरा पाठीला कितीतरी बरा. पॉप सेंच्युरीत दुसरा पलंग दिवसा उभा मिटतो आणि त्याचं टेबल होतं, मुलांना तिथे बसून नाश्ता करता येतो. रिव्हिएरातला टॉवर स्टुडिओ फक्त दोघांसाठी आहे, हे बुकिंग करताना लोकांच्या नजरेतून सुटतं.

भाड्यावर आणखी काय चढतं?

अमेरिकेत दिसणारा दर करांशिवायचा असतो. ऑरलँडोत, म्हणजे ऑरेंज काउंटीत, हॉटेलवर १२.५ टक्के कर लागतो. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड ज्या शहरात आहे त्या ॲनाहाइममध्ये तो १७ टक्के आहे. त्यानंतर पार्किंग: डिस्नेच्या ऑरलँडोतल्या हॉटेलांत मुक्कामी पाहुण्यांना स्वतः गाडी लावणं फुकट आहे, युनिव्हर्सलच्या हॉटेलांत रात्रीचे पैसे पडतात. तिसरी गोष्ट रिसॉर्ट फी. डिस्ने आणि युनिव्हर्सलची ऑरलँडोतली स्वतःची हॉटेलं ती घेत नाहीत, पण डिस्नेच्या आवारातली सगळीच हॉटेलं डिस्नेची नाहीत. स्वान रिझर्व्ह (२०२१) तिथेच आहे, पाहुण्यांना पार्कमध्ये लवकर प्रवेशही मिळतो, पण रिसॉर्ट फी भरावी लागते. तुलना करायची ती सगळं धरून, शेवटच्या बिलाच्या आकड्याची.

युरोपातला एक चांगला रिवाज इथेच सांगते. एफ्टेलिंगमध्ये मुक्कामाच्या भाड्यातच पार्कचा प्रवेश धरलेला असतो, आल्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंत. दर पहिल्यांदा बघताना छातीत धस्स होतं, मग तिकिटांचे पैसे वजा केले की चित्र पालटतं.

नवं हॉटेल घेतल्यावर रांगा टाळायचा पास मिळतो का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि या पानावरचं सगळ्यात उपयोगाचं उत्तर हेच आहे. ऑरलँडोत युनिव्हर्सलच्या तीन जुन्या हॉटेलांत (पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक) खोलीतल्या प्रत्येक पाहुण्याला दोन जुन्या पार्कांसाठी अमर्याद एक्सप्रेस पास भाड्यातच मिळतो. हेलिओस ग्रँड नवं आणि देखणं असूनही त्यात हा पास नाही.

पास येण्याच्या दिवशीही चालतो आणि जाण्याच्या दिवशीही. म्हणजे एक रात्र राहिलात तरी दोन दिवस रांगा वाचतात. चार जणांचे दोन दिवसांचे पास वेगळे विकत घेतले तर काय पडेल, तो आकडा तुमच्या तारखांना काढून बघा. गर्दीच्या हंगामात तो खोलीच्या भाड्याच्या वर जातो. म्हणून मी मुक्काम तोडायला सांगते: एक रात्र या तिघांपैकी एकात जुन्या पार्कांसाठी, उरलेल्या रात्री एपिकजवळ. एकदा सामान हलवावं लागतं, पण सकाळी रिसेप्शनवर बॅगा ठेवल्या की थेट पार्कमध्ये जाता येतं.

स्टेला नोव्हा घ्यावं की टेरा लूना?

ज्याचं भाडं त्या तारखेला कमी असेल ते. दोन्ही एका गटातली, एका आकाराची, शेजारी-शेजारी. रंगसंगती वेगळी, बाकी सोयी सारख्या.

"पार्क व्ह्यू"साठी जास्त पैसे द्यावेत का?

आम्ही एकदा दिले होते, हॉटेलचं नाव घेत नाही. उत्साहाने पडदा सरकवला तर समोर एका इमारतीची मागची बाजू, एसीचे जाडजूड पाइप, आणि डावीकडे मान वाकवली तर एका राइडचं टोक. आतषबाजीतले फक्त सगळ्यात उंच गेलेले बाण दिसले. रिसेप्शनवर विचारलं तेव्हा समजलं की त्या गटात खोलीची दिशा तेवढी ठरलेली असते, दिसेल काय ते ठरलेलं नसतं. मुलगी त्या रात्री खिडकीच्या कट्ट्यावर बसून वाट बघत झोपली, ते अजून लागतं मनाला. तेव्हापासून मी त्या मजल्यावरून पाहुण्यांनी काढलेले फोटो बघितल्याशिवाय व्ह्यूचे पैसे देत नाही.

हॉटेल उघडल्या उघडल्या जावं, की थांबावं?

घाई नसेल तर थोडं थांबा. नवी झाडं लहान असतात, त्यामुळे पूलच्या कडेला सावली नसते. लिफ्टपासून न्याहारीपर्यंत सगळ्याची घडी बसायची असते.

एक अपवाद होता. फँटसी स्प्रिंग्ज हा भाग सुरू झाला तेव्हा आत जाण्यावरच मर्यादा होती, आणि हॉटेलच्या पाहुण्यांना तिथल्या राइड्ससाठी खास पासपोर्ट विकत घेता यायचा. त्या काळात हॉटेलचं चढं भाडं सार्थकी लागत होतं. पुढे तो भाग सगळ्यांना खुला झाला आणि भाड्यातला तेवढा अर्थ गळून पडला. सवलतींचं असंच असतं, म्हणून तुमच्या तारखेला कोणती चालू आहे ते बघूनच ठरवा. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकावर जाऊ नका.

पार्कबाहेरचं साधं हॉटेल चालेल का?

कॅलिफोर्नियात नक्की चालेल. डिस्नेलँडसमोरच्या हार्बर बुलेव्हार्ड रस्त्यापलीकडची काही साधी हॉटेलं गेटला डिस्नेच्या स्वतःच्या काही खोल्यांहून जवळ आहेत. रस्ता ओलांडला की तुम्ही प्रवेशद्वाराच्या वाटेवर. ऑरलँडोत मात्र अंतरं प्रचंड आहेत. तिथे बाहेर राहायचं तर गाडी हवी, आणि पार्कच्या पार्किंगचे पैसे रोज वेगळे.

सोबत आजी-आजोबा आहेत. काय जपावं?

खोल्यांचा आकडा बघा. ऑरलँडोतल्या युनिव्हर्सलच्या डॉकसाइडसारख्या २,०५० खोल्यांच्या हॉटेलात खोलीपासून बसपर्यंतच लांब चालावं लागतं. बुकिंग झाल्यावर लगेच फोन करून लिफ्टजवळची खोली मागा, चेक-इनच्या दिवशी मागितली तर उशीर झालेला असतो.

आणि तुम्ही स्वतः कोणतं निवडाल?

दोन लहान मुलं घेऊन, एकदाच जायचं असेल तर पॅरिसचं डिस्नेलँड हॉटेल, पण एकच रात्र, मधली. आधीची आणि नंतरची रात्र चालत जाता येईल अशा स्वस्त ठिकाणी. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर एफ्टेलिंग, कारण प्रवेश भाड्यातच आहे आणि दुपारी खोलीवर जाऊन परत यायला कसलाच त्रास नाही. नवऱ्यासोबत दोघंच जायचं ठरलं तर चार्ल्स लिंडबर्ग, एका छोट्या बॅगेसह.